तेरची पांढरी आणि तिचे इतिहासकार

ग्रामेतिहासाचीं पुस्तकें हल्लीं आपल्याकडे पुष्कळ निघूं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार किंवा एखाद्या शाळेचा हीरक महोत्सव यांच्या निमित्तानें गांवांतील चार जाणते लोक एकत्र येतात, वर्गणी जमते, आणि शेंदीडशें पानांचा एक ग्रंथ सिद्ध होतो. असे ग्रंथ अभिप्रायासाठीं आमच्याकडे येतात. ते आम्ही आस्थेनें वाचतों; आणि खरें सांगावयाचें तर पुस्तक मिटवितांना प्रत्येक वेळीं एकच रुखरुख मनांत राहते. गांवाचें नांव कोणत्या पुराणांत आलें, कोणता राजा त्या वाटेनें गेला, कोणत्या सत्पुरुषाचे पाय तेथें लागले, हें सर्व त्यांत असतें. परंतु त्या ओढ्याच्या कांठीं पहिलें घर कां पडलें, आणि एकदां पडल्यावर माणसें तेथें कां टिकलीं, या प्रश्नाला त्यांत जागाच नसते. गांव म्हणजे थोर लोकांच्या प्रवासांतील एक मुक्काम, अशी कांहींशी या ग्रंथकारांची समजूत झालेली दिसते.

या बाबतींत अमेरिकेच्या मध्यपश्चिम प्रांतांतील लहान गांवांचे इतिहास पाहण्यासारखे आहेत. ओहायो नदीच्या कांठीं मॅरिएटा हें गांव १७८८ सालीं वसलें. आणि पुढें शंभर वर्षांच्या आंत ओहायो, इलिनॉय, आयोवा इत्यादि संस्थानांतील परगण्यापरगण्यांचे जाडजूड इतिहास छापून निघाले. १८७० नंतरच्या पंधरावीस वर्षांत तर त्यांचें पीकच आलें. त्यांत वाङ्मयगुण बेताचाच आहे, आणि ज्यानें वर्गणी भरली त्याचें चरित्र सविस्तर यावें, असा रोकडा व्यवहारही त्यांत उघड दिसतो. पण पहिली झोपडी कोणीं उभारली, गोडें पाणी कोठें लागलें, पहिली पिठाची गिरणी कोणत्या ओढ्यावर बसली, पहिलें मूल कोणाच्या घरीं जन्मास आलें, हें ते न चुकतां सांगतात. ती भूमि मुळांत ज्यांची होती त्या लोकांचा निकाल मात्र हे ग्रंथकार बहुधा एका प्रकरणांत लावून टाकतात, आणि मग रिकाम्या पटावर सोंगट्या मांडाव्या तशी गांवाची कथा सुरू करतात. हा दोष लहान नव्हे. तथापि कोणता प्रश्न विचारावा हें त्यांस कळलें होतें. आमचीं गांवें शंभर वर्षांचीं नसून कधीं कधीं दोन हजार वर्षांचीं असतात. त्यामुळें तो प्रश्न अवघड होतो, निरर्थक होत नाहीं.

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें अशा गांवांपैकीं एक. धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणा नदीच्या कांठीं तें वसलेलें आहे. निजामाच्या अमदानींत जिल्ह्याचें नांव उस्मानाबाद झालें, आणि २०२३ सालीं धाराशिव हें नांव सरकारी दप्तरांत परत आलें. तेरचें नांव कोणीं हुकूम काढून बदललें नाहीं. तगराचें तेर झालें तें लोकांच्या जिभेवर झिजून. आमच्या वाचकांपैकीं कांहींजण या गांवास गोरोबाकाकांचें तेर म्हणून ओळखत असतील, तर कांहींजण क्रमिक पुस्तकांतील प्राचीन तगर म्हणून. या गांवाविषयीं निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या हेतूंनीं लिहिलें गेलें आहे. त्या लेखनाकडे आम्ही येथें एकाच दृष्टीनें पाहणार आहों: तेरांत राहणारा माणूस त्यांत कितपत दिसतो?

सर्वांत जुना लेखक ग्रीक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारें ‘पेरिप्लस’ नांवाचें एक पुस्तक लिहिलें गेलें. त्याच्या कर्त्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. तो मिसर देशांत राहणारा ग्रीक व्यापारी असावा, असें त्याच्या लिहिण्यावरून अनुमान निघतें. भडोच बंदराचें वर्णन करतांना तो दक्षिणापथाकडे वळतो, आणि सांगतो कीं, तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, व पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर आहे. पैठणहून अकीक येतो. तगराहून जाडेंभरडें कापड पुष्कळ, नानाप्रकारची मलमल आणि समुद्रकांठच्या प्रदेशांतून तगरांत जमा झालेला इतर माल येतो. आणि हें सर्व गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखांतून भडोचला उतरतें.

एवढ्या चार ओळी. परंतु तेरला जगाच्या इतिहासांत स्थान मिळालें तें या चार ओळींमुळेंच. त्यांचा कर्ता हुशार आहे, नेमका आहे. पण त्यानें तगर पाहिलेलें दिसत नाहीं. बंदरावरच्या वखारींत बसलेल्या माणसाला गांव दिसावयाचें तें गांठोड्यांतून. तें कापड कोणीं विणलें, कापूस कोठून आला, महिनाभर गाडी हांकणारा गाडीवान वाटेंत काय खात होता, हें विचारण्याचें त्यास कारणच नव्हतें. तरीही त्याच्या लिहिण्यांतील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. दूरच्या किनाऱ्यावरचा माल आधीं तगरांत गोळा होतो आणि मग पुढें जातो, असें तो म्हणतो. म्हणजे तेर हें नुसतें विणकरांचें गांव नव्हतें. पूर्वेकडून येणारी वाट आणि पश्चिमेकडे जाणारी वाट यांची तेथें गांठ पडत होती. आजूबाजूला कपाशीची काळी जमीन, खालीं तेरणेचें पाणी, आणि दारावरून जाणारी वाट: गांव कां टिकलें या प्रश्नाचें निम्में उत्तर या परक्या माणसाच्या तोंडून, त्याच्या नकळत, निघून गेलें आहे.

त्यानंतर तगर हरवलें. म्हणजे गांव जागच्या जागीं होतें, लोक नांदत होते; हरवलें तें पंडितांना. गेल्या दीड शतकापूर्वींच्या विद्वानांनीं त्याचा जो शोध चालविला, तो एखाद्या रहस्यकथेसारखा वाचनीय आहे. विल्फर्ड यांनीं तगर म्हणजे देवगिरी असें ठरविलें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तें जुन्नर वाटलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आपल्या दक्षिणच्या प्राचीन इतिहासांत धारूरच्या बाजूनें कौल दिला. शेवटीं १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत निबंध लिहून तगर म्हणजेच तेर हें सिद्ध केलें. तगर या शब्दांतील गकार लोपून तेर हें रूप भाषेच्या नियमानें कसें बनतें, पैठणपासूनचें अंतर भरलेल्या गाडीच्या दहा मजलांशीं कसें जुळतें, हें त्यांनीं इतक्या नेटकेपणानें दाखविलें आहे कीं, निबंध वाचून संपल्यावर शंका उरत नाहीं. दिशा तेवढी पूर्वेऐवजीं आग्नेय भरते. पण अठराशें वर्षांपूर्वींच्या ऐकीव माहितींत इतकी चूक क्षम्य आहे. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनीं तेथील जुन्या वास्तूंचें वर्णन पुराणवस्तु खात्याच्या १९०२–०३ च्या अहवालांत प्रसिद्ध केलें. त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ मागच्या बाजूस अर्धवर्तुळाकार आहे, तें मूळचें चैत्यगृह असावें, हें मत त्यांचेंच. तें मूळचें बौद्धांचें कीं वैदिकांचें, यावर पुढें मतभेद झाले आहेत.

फ्लीट यांच्या विद्वत्तेविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. तरी येथें एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. त्यांचा प्रश्न ‘तगर कोठें आहे?’ असा होता. ‘तेर काय आहे?’ असा नव्हता. नकाशावर टिंब पडलें आणि प्रश्न सुटला. या पद्धतीचा वारसा आमच्याकडे असा कांहीं आला कीं, पुढच्या पिढ्यांना तेरविषयीं सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली: तगर म्हणजे तेर. आम्हीं स्वतः पंचवीस वर्षें वर्गांत हेंच वाक्य सांगत आलों, मुलांनीं तें उतरून घेतलें, परीक्षेंत लिहिलें, आणि त्यास आम्हीं गुणही दिले. समीकरण म्हणजे इतिहास नव्हे, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली.

आतां वसाहतीची खरीखुरी कथा सांगणारा जो एक ग्रंथ आहे त्याकडे वळूं. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर नांवाच्या जैन मुनींनीं अपभ्रंश भाषेंत ‘करकंडचरिउ’ हें काव्य रचलें. डॉ. हिरालाल जैन यांनीं तें संपादून १९३४ सालीं कारंजा येथून प्रसिद्ध केलें. मराठी वाचकांस हें काव्य जवळजवळ अपरिचित आहे, ही खेदाची गोष्ट. कारण त्यांतील एक मोठा भाग तेरापूर येथें घडतो. चंपेचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारींत तेरापुराजवळ तळ देतो. जवळच्या डोंगरांत एक लेणें आहे आणि वर एक वारूळ आहे. एक हत्ती रोज सोंडेंत पाणी व कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणवितो, आंत पार्श्वनाथाची मूर्ति सांपडते. पुढें लेण्यांतील मूर्तीच्या आसनावरची एक गांठ नको असतां फोडली जाते आणि दडपलेला झरा उसळून लेणें पाण्यानें भरतें. हें लेणें पूर्वीं कोणीं केलें, याची कथा मग राजास सांगण्यांत येते: उत्तरेकडील रथनूपुराहून शत्रूंनीं हांकून दिलेले नील आणि महानील हे दोघे विद्याधर बंधु फिरत फिरत या भागांत आले, तेरापुरास राहिले, हळूहळू राज्य उभारलें, आणि धर्मोपदेश ऐकून त्यांनीं हें लेणें कोरविलें.

हीं तेरापूरचीं लेणीं म्हणजेच धाराशिवजवळचीं लेणीं, असें डॉ. जैन यांनीं प्रतिपादिलें. आणि विद्याधरांच्या या कथेचा संबंध त्यांनीं शिलाहार राजांशीं लावला. कोंकणांत व कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार स्वतःस जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवीत, आणि ‘तगरपुरवराधीश्वर’ हें बिरुद आपल्या ताम्रपटांत मिरवीत. ही जुळणी मोहक आहे. तिला इतिहास म्हणावें इतका पुरावा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु काव्य म्हणून पाहतां तिच्यांत एक मर्म आहे. हांकून दिलेलीं माणसें येतात, पाणी शोधतात आणि वस्ती करतात, एवढें कनकामरांस दिसलें. मात्र त्यांचे वसाहतकारही राजेच आहेत. त्यांच्याबरोबर नांगर आला कीं नाहीं, चाक आलें कीं नाहीं, विहीर कोणीं खणली, हें मुनींच्या काव्यांत शोधूं नये. त्यांची दृष्टि वारुळांतून निघणाऱ्या मूर्तीवर आहे. गांव तिच्यासाठीं आहे.

शिलाहारांच्या त्या बिरुदाविषयीं थोडें विषयांतर करावेंसें वाटतें. ज्या काळीं ते हें बिरुद लावीत होते त्या काळीं ते तगरापासून पुष्कळ दूर, समुद्राच्या हवेंत नांदत होते. आमच्या आडनांवांचाही प्रकार हाच नव्हे काय? गांवांत राहणाऱ्यास कोणी गांवाच्या नांवानें ओळखत नाहीं. तेरांत कोणास तेरकर म्हणण्याचें प्रयोजन नाहीं. गांव सोडून सोलापुरास किंवा पुण्यास गेला म्हणजे तो तेरकर होतो. ‘तगरपुरवराधीश्वर’ हें अशा दृष्टीनें आमच्या सर्व ‘कर’कारान्त आडनांवांचें भारदस्त पूर्वरूप होय. चालुक्य पुलकेशीच्या ६१२ सालच्या ताम्रपटांत दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी म्हणून नोंदला आहे, तोही दुसऱ्या गांवच्या जमिनीच्या निमित्तानें. जे राहिले त्यांची नोंद कोठेंच नाहीं. जे गेले, किंवा ज्यांचा माल गेला, त्यांच्यामुळें गांवाचें नांव राहिलें.

राहिलेल्यांपैकीं ज्याची नोंद झाली असा एकच माणूस आम्हांस दिसतो, आणि तो कुंभार आहे. गोरोबाकाकांचा काळ परंपरेप्रमाणें १२६७ ते १३१७ असा मानतात. त्यांचें चरित्र आपण मुख्यतः वाचतों तें महिपतींच्या ‘भक्तविजय’ ग्रंथांत. तो १७६२ सालचा, म्हणजे संतांच्या मागून साडेचारशें वर्षांचा. इतिहासकार त्यास प्रमाण मानीत नाहींत, आणि चमत्कारांच्या बाबतींत तें योग्यच आहे. पण ती कथा क्षणभर ग्रामेतिहास म्हणून वाचून पहावी. अंगणांत मातीचा चिखल तुडविण्यासाठीं केलेला खळगा आहे. घरधनीण पाण्याला गेली आहे, आणि जातांना रांगतें मूल नवऱ्यावर सोंपवून गेली आहे. नवरा नामस्मरणांत दंग होऊन चिखल तुडवीत आहे, आणि त्या चिखलांत तें मूल सांपडतें. पुढें बायकोचा संताप, शपथ, सासऱ्यानें धाकटी मुलगीही देणें, आणि दोघींस सारखें वागविण्याची त्याची ताकीद. संतांच्या मेळ्यांत हातीं थापटणें घेऊन एकेकाचें डोकें ठोकून पाहणें, आणि नामदेवांस कच्चें मडकें ठरविणें. यांतील एकही उपकरण, एकही कृति बाहेरून आणलेली नाहीं. पाणी दूर होतें, तें आणावें लागे, तोंवर मूल सांभाळणारें दुसरें कोणी नव्हतें, आणि काम थांबविणें परवडत नव्हतें, एवढें तेराव्या शतकांतील एका मराठी घराविषयीं दुसऱ्या कोणत्या कागदानें आम्हांस सांगितलें आहे?

येथें कोणी म्हणेल कीं, हें घर तेरचेंच कशावरून? महिपतींनीं आपल्या नगर जिल्ह्यांतील ताहाराबादेस पाहिलेला कुंभारवाडाच लिहिला नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि तो आम्हांस अंशतः मान्य आहे. परंतु कथा महिपतींच्या आधीं कित्येक पिढ्या कीर्तनांतून चालत आली होती. आणि ऐकणाऱ्यांत कुंभार बसलेला असे. चिखल कसा तुडवितात यांत चूक झाली असती तर ती त्यानें चालूं दिली नसती. ग्रीक व्यापाऱ्यास किंवा इंग्रज पंडितास असा श्रोता लाभला नव्हता. या एका कारणासाठीं, ज्यास आम्ही भाविकांचें वाङ्मय म्हणून बाजूस ठेवीत आलों, त्यास तेरच्या इतिहासांत फ्लीट यांच्या निबंधाच्या शेजारीं जागा दिली पाहिजे, असें आमचें मत झालें आहे.

कागद जेथें संपतो तेथें माती सुरू होते, आणि तेरची माती बोलकी आहे. मराठींत वस्तीच्या जागेस पांढरी म्हणतात आणि शेताच्या जमिनीस काळी. पिढ्यान् पिढ्या मातीचीं घरें उभीं राहिलीं, पडलीं, चुलींची राख त्यांत मिसळली, म्हणजे जमीन पांढुरकी होते. वस्तीचा इतिहास आमच्या भाषेनें एका शब्दांत सांगून ठेवला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत काळी आणि पांढरी यांवर चालणाऱ्या संसाराचें जें वर्णन आहे, तें मराठींत अजून अद्वितीय आहे. पण तें गांव या संस्थेचें आहे, एका गांवाचें नव्हे. तेरच्या पांढरीचीं टेकाडें पावसानें धुपलीं कीं मणी, नाणीं, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या आणि खापरें वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच रहिवाशानें हयातभर अशा वस्तु जमविल्या. त्यांची संख्या वीस हजारांवर आहे, आणि तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेंच नांव आहे. त्या संग्रहांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीशीं असलेलें साम्य पाहून परदेशी विद्वान् विस्मित झाले. चापेकर यांनीं १९५८ सालीं केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६९ सालीं छापून निघाला, आणि त्यापुढेंही तेथें खणतीं झालीं.

लामतुरे यांच्या कार्याचा गौरव करावा तितका थोडा. मात्र वरवर वेंचलेल्या वस्तूला आपला थर सांगतां येत नाहीं, ही त्या संग्रहाची मर्यादा विसरून चालणार नाहीं. कोणती बाहुली कोणत्या घरांत, कोणत्या चुलीशेजारीं होती, हें फक्त न हललेली माती सांगूं शकते. अशी माती दरवर्षीं कमी होते. मराठवाड्यांतील गांवोगांव घराच्या धाब्यावर घालावयास पांढरीच नेतात, आणि नेणाऱ्यास दोष देतां येत नाहीं, कारण त्याच्या आजानें आणि पणजानेंही तेंच केलें. दोष असलाच तर तो आमच्यासारख्यांचा आहे. फ्लीट यांचें समीकरण आम्हीं सर्वांस पाठ करविलें, पण पांढरीच्या पोटांत त्याच गांवकऱ्याच्या पूर्वजांचें घर आहे, हें त्यास समजेल अशा मराठींत लिहिलेलें चाळीस पानांचें पुस्तक आमच्यापैकीं कोणीं त्याच्या हातीं दिलें नाहीं. नव्या ग्रामेतिहासकारांनीं पुराणांतील नांवें शोधण्यांतला निम्मा वेळ यांत घालविला, टेकाड कोणाच्या सर्व्हे नंबरांत येतें, कुंभार माती कोठून आणीत, जुनी वाट नदी कोठें ओलांडी, हें म्हाताऱ्यांस विचारून लिहून ठेवलें, तर आम्हांस त्यांच्या ग्रंथांतील भाषेचे दोष मुळींच दिसणार नाहींत.

गेल्या भाद्रपदांत आम्ही आमच्या महाविद्यालयांतील पुराणवस्तुशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्यासह तेरला गेलों होतों. गोरोबाकाकांच्या समाधीचें दर्शन घेऊन नदीच्या बाजूनें टेकाडावर चढलों. नुकताच पाऊस होऊन गेला होता आणि पायाखालीं खापरांचा नुसता खच पडला होता. तेथें शेळ्या राखीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थास आमच्या सहकाऱ्यानें विचारलें, “बाबा, हीं खापरें कशाचीं?” ते म्हणाले, “ही समदी काकांच्या आव्यातली.” सहकाऱ्यानें एक तांबडा तुकडा उचलून, तो काकांच्या आधीं हजारबाराशें वर्षांपूर्वींचा कसा, सातवाहन म्हणजे कोण, हें त्यांस मोठ्या उत्साहानें समजावून दिलें. त्यांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें, तुकडा हातांत घेऊन त्याच्या कडेवरून अंगठा फिरविला, आणि विचारलें, “पर तवा बी ह्ये कुंभारानंच केलं आसंल न्हवं, मास्तर?”

होय, कुंभारानेंच, असें आमच्या सहकाऱ्यानें सांगितलें.